आयुर्वेद मुळापासून समजून घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

ओवी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारते आहे. वय ३९, राहणार पुणे, बैठी नोकरी. चार-पाच वर्षांपासून छातीत जळजळ, आंबट ढेकर. महिन्यातून दोन-तीनदा डोकं उठतं आणि उलटी झाली की मोकळं वाटतं. गोळी घेतली की थांबतं, सोडली की पुन्हा सुरू.

आज फडताळ आवरताना पाच बाटल्या निघाल्या. त्रिफळा चूर्ण आत्याने दिलेलं, अविपत्तिकर शेजारच्या काकूंनी सुचवलेलं, गुळवेलीच्या गोळ्या करोनाच्या वेळच्या, अश्वगंधा मैत्रिणीमुळे घेतलेली आणि च्यवनप्राश. एकही धड संपलेली नाही.

लहानपणी आजीकडे सहाण होती आणि फडक्यात बांधलेली बाळगुटीची पुरचुंडी. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, हिरडा, जायफळ, खारीक, बदाम. धाकट्या भावासाठी ती आईच्या दुधात रोज उगाळायची, पण वेढे रोज सारखे नसायचे. बाळ पाय पोटाशी घेऊन रडलं असेल तर मुरडशेंगेचे दोन जास्त. शी पातळ झाली असेल तर जायफळाचा एक वाढायचा आणि हिरडा बंद. आधी लंगोट बघायची, मग सहाण पुढ्यात घ्यायची. माझ्या पाच बाटल्यांत असं बघणं कुठेच नाही, हे आज जाणवलं.

तर मुळापासून सांगाल का? वात, पित्त, कफ म्हणजे नेमकं काय? नेटवर एके ठिकाणी प्रश्नावली भरली तर ‘पित्त प्रकृती’ आली, दुसरीकडे ‘वात-कफ’. कोणतं खरं धरायचं?

माजघर | सोमवार, रात्री १०:४०

पित्ताला आवळ्यासारखं दुसरं काही नाही. रोज सकाळी उपाशीपोटी रस घे. माझं तीस वर्षांचं पित्त त्याने गेलं.

रानवारा | सोमवार, रात्री ११:०५

मला आवळ्याच्या रसाने जळजळ वाढली. थंड दूध घोट घोट प्यायलं की बरं वाटतं.

ओवी | सोमवार, रात्री ११:२०

दोन्ही करून झालंय. दुधाने तासभर बरं वाटतं, मग पोट जड होतं.

वैद्य_कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

ओवी, तुमच्या धाग्याचं निम्मं उत्तर तुमच्या आजीनेच देऊन ठेवलं आहे. आधी लंगोट, मग सहाण. मी एकवीस वर्षं कराडजवळ चिकित्सा करते आहे आणि नव्या विद्यार्थ्यांना हेच सांगायला मला बरीच वाक्यं खर्ची घालावी लागतात. औषध शेवटी येतं. आधी माणूस बघायचा.

वात, पित्त, कफ यांना बाटलीत भरून दाखवता येतील असे पदार्थ समजू नका. शरीरात जे जे हलतं त्यामागे वात: श्वास, पापणीची उघडझाप, मलाला खाली ढकलणं, मनात एकामागून एक विचार येणं. जे पचवतं, तापवतं, एकाचं दुसरं करतं ते पित्त. जे धरून ठेवतं, ओलावा देतं, शरीर बांधतं तो कफ. आपण ‘मला पित्त आहे’ असं आजाराचं नाव घेतल्यासारखं म्हणतो, पण पित्त नसेल तर मूठभर भातही पचणार नाही. बिघाड पित्त असण्यात नसतो, ते वाढण्यात, घटण्यात किंवा भलत्या वाटेला जाण्यात असतो.

प्रकृती म्हणजे जन्मापासूनची ठेवण. हाडापेराची बांधणी, भुकेची वेळ, झोप, राग येण्याची आणि विसरण्याची पद्धत. ही आयुष्यभर तीच राहते. आज जे बिघडलं आहे ती विकृती. प्रश्नावलीत ‘तुम्हाला जळजळ होते का’ असं विचारलं की तुम्ही आजचा त्रास सांगता आणि यंत्र ती प्रकृती धरतं. म्हणून दोन ठिकाणी दोन निकाल.

आता अग्नी, ज्याच्यापाशी मी प्रत्येक रुग्णाला आधी थांबवते. अग्नीचे चार प्रकार. सम असेल तर खाल्लेलं वेळेत पचतं. विषम असेल तर एक दिवस कडकडून भूक, दुसऱ्या दिवशी नाव नाही. तीक्ष्ण असेल तर जेवून दोन तासांत पोटात पुन्हा आग. मंद असेल तर चार घासांत पोट दगड. मंद अग्नीवर जेवण चढवत गेलं की अर्धवट पचलेलं साठतं, त्याला आम म्हणतात. सकाळी जिभेवर चिकट पांढरा थर, अंग जड, तोंडाला चव नाही, या आमाच्या खुणा. आम असताना पौष्टिक, ताकदीचं औषध दिलं तर तेही पचत नाही, उलट भर पडते. तुमची अश्वगंधा आणि च्यवनप्राश बाजूला ठेवायला मी सांगेन ते यासाठी.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोघे आले, दोघांचीही तक्रार छातीत जळजळ. पहिले वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी गाडी, चालवणारे. पहाटे साडेपाचला चहा, मग दुपारी तीनपर्यंत पोटात काही नाही. गाडी भरलेली म्हणून लघवी दाबायची, भूक दाबायची. जीभ लाल, स्वच्छ, ओठ कोरडे. दुसरे दुकानदार. रात्री साडेदहाला दुकान बंद करून जेवण, पानात दही हवंच, हात धुतला की आडवे. जीभ पांढरी, ढेकर जड. पहिल्यांना मी मऊ भात, तूप, भिजवलेल्या मनुका आणि शतावरी दिली. दुसऱ्यांचं रात्रीचं जेवण चार दिवस बंद करून फक्त सुंठ-धणे घालून उकळलेलं पाणी आणि मुगाचं कढण. थंड दूध पहिल्यांना लागू पडलं असतं, दुसऱ्यांना त्याने बिघडवलं असतं. वर आवळा आणि दूध यांवरून दोघांचे अनुभव उलटसुलट आले, त्याचं उत्तर यात आहे.

दाबण्यावरून आठवलं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथात न दाबण्याचे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ओढी, सांगितले आहेत आणि त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. मल, मूत्र, अपानवायू, शिंक, जांभई, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमानंतरची धाप, उलटी, शुक्र आणि अश्रू. रडू दाबणंही त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी ते मुद्दाम विचारते.

स्टेथो | मंगळवार, दुपारी १:३०

मी एमडी मेडिसिन. वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण हा धागा पुढेही कुणीतरी वाचेल.

पहिली: जळजळीबरोबर वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त असेल किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर कोणतंही चूर्ण घेण्याआधी एंडोस्कोपी. चालताना किंवा जिना चढताना जळजळ होत असेल तर ईसीजी. हृदयविकाराला पित्त समजून घरी बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यातले सगळे परत भेटले नाहीत.

दुसरी: ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी असंही म्हटलं. गल्लत असली तरी बाटली घेणाऱ्याला ती ओळखता येत नाही. ओवी, तुमची गोळ्यांची बाटली करोनाच्या वेळची आहे. ती आजच टाकून द्या.

वैद्य_कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

डॉक्टर, दोन्ही मुद्द्यांना पूर्ण अनुमोदन. धोक्याच्या या खुणा माझ्याही टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्या आहेत.

झाडपाला निर्धोक हे तर आयुर्वेद कधीच म्हणत नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथात सांगितलं आहे की नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधच विष होतं. आपल्याकडे बिब्बा सगळ्यांना माहीत आहे. अंगावर उठला की फोड, खाज, सूज. तोच बिब्बा औषध आहे, पण आधी विटकरीच्या पुडीत घोळवून त्याचं तेल शोषून घ्यावं लागतं, त्याला शोधन म्हणतात. शोधन न करता दिला तर इजाच होणार. धातूंच्या भस्मांचंही तसंच. भस्म बोटांवर घेतलं तर रेषांमध्ये शिरलं पाहिजे, पाण्यावर टाकलं तर तरंगलं पाहिजे, या जुन्या परीक्षा. आज त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. तो नसलेलं भस्म मी देत नाही.

घेणाऱ्यांनी एवढं बघावं: बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, घटकांची पूर्ण यादी. विषारी द्रव्य असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि मधुमेह मुळापासून घालवतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद केली आहे. ती दिसली की तिथून निघा. इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, माझ्याही नाही.

माजघर | बुधवार, सकाळी ७:२०

मी परवाच आवळा लिहिला, आता वाटतं आधी विचारायला हवं होतं. वैद्यताई, एक शंका. आमच्या घरी खोकल्याला सितोपलादी कायम असतं. यांना साखर आहे. चालेल ना?

वैद्य_कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७:४५

माजघरताई, फार बरं झालं विचारलंत. सितोपला म्हणजेच खडीसाखर. प्रमाण असं: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारं पांढरं द्रव्य) ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक घटक आधीच्या निम्मा. म्हणजे चमच्यातला अर्ध्याहून जास्त भाग साखर, आणि वर आपण मध घालून चाटवतो. काकांना नको. पिंपळी-सुंठीचं वेगळं देता येईल, पण खोकला किती दिवसांचा आहे ते आधी कळवा. दोन आठवड्यांच्या वर असेल तर छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी आधी.

मधाचं निघालंच आहे तर, एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, गुटीतूनही नको. आणि हल्ली पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगतात, ते पाळावं.

रानवारा | बुधवार, सकाळी १०:१०

शिकरण खरंच विरुद्ध आहे का? आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते.

वैद्य_कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:००

चरकसंहितेत दुधाबरोबर न खाण्याच्या फळांत केळं आहे. मासे-दूध आणि समप्रमाणात मध-तूप हेही विरुद्ध. पण वाग्भटाने हेही लिहिलं आहे की व्यायाम करणाऱ्याला, अग्नी चांगला असणाऱ्याला, तरुणाला, सवयीचं आणि थोडं असेल तर विरुद्धही बाधत नाही. शाळेतून खेळून आलेल्या मुलाची वाटीभर शिकरण मी बंद करत नाही. कायम नाक वाहणाऱ्या, अंगावर पित्त उठणाऱ्या मुलाची करते.

हिरडीचं_रान | बुधवार, रात्री ८:३०

मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी. धागा वाचून लिहावंसं वाटलं. तुमच्या त्रिफळ्यातला हिरडा आमच्या डोंगरातून येतो. आत बी धरायच्या आधी काढला तर तो बाळहिरडा. वाळला की काळा, सुरकुतलेला, मनुकेएवढा. उन्हाळ्यात अख्खं घर झाडाखाली असतं. माझी आई फांदी कधी तोडत नाही, काठीने झोडपून खाली अंथरलेल्या धडप्यावर पाडते. दोन दिवस पाऊस लागला की बुरशी, आणि बुरशीचा माल व्यापारी निम्म्या भावाने नेतो. तो पुढे कुठे जातो आम्हाला कळत नाही. चूर्ण घेणाऱ्यांनी हिरडा अखंड विकत घेऊन घरी फोडून बघावा, एवढंच सांगणं. चांगला हिरडा जड असतो, पाण्यात बुडतो.

मांडवीतीर | बुधवार, रात्री ११:१५

थोडं अवांतर, पण अभिमानाने. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचं इथल्या औषधींवरचं पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. पुढे कोचीला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांनी मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ करवला, ‘होर्तुस मलबारिकुस’, १६७८ ते १६९३. त्याला माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. ते अक्षर बघून मला रडू आलं होतं. आता पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र आहे, डिसेंबर २०२२ पासून. माझी भाची तिथे शिकते.

अजिंक्यतारा | गुरुवार, सकाळी ९:००

मला पंचकर्माबद्दल विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या केंद्रात ‘सात दिवसांचं शरीरशुद्धी पॅकेज’ घेतलं. नाडी बघितली नाही, रक्तदाब मोजला नाही. पहिल्या दिवशी मालिश, दुसऱ्या दिवशी वमन (औषधाने उलटी), तिसऱ्या दिवशी विरेचन (औषधाने जुलाब). घरी जाताना पथ्य कुणी सांगितलं नाही, त्याच रात्री लग्नाच्या पंगतीत जेवलो. नंतर महिनाभर पोट लागत नव्हतं, आठ किलो वजन गेलं, बायको रात्री उठून श्वास चालू आहे का बघायची. तेव्हापासून आयुर्वेद म्हटलं की अंगावर काटा येतो. पण हा धागा वाचतोय.

वैद्य_कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:०५

अजिंक्यतारा, वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. तुम्हाला जे दिलं त्याला पंचकर्म म्हणायला मी तयार नाही. सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला ओळखता येईल.

पंचकर्मं पाच: वमन, विरेचन, बस्ती (गुदमार्गे औषध), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं). ऋतूंशी त्यांचा मेळ आहे. थंडीत साठलेला कफ वसंतात पातळ होऊन उसळतो म्हणून वसंतात वमन. पावसाळ्यात वात बळावतो म्हणून बस्ती. शरदाच्या उन्हात, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, पित्त उसळतं म्हणून विरेचन. वमन आणि विरेचन पाठोपाठच्या दिवशी देणं हा शुद्ध अविचार.

माझ्याकडे वमनाला माणूस आला की आधी रक्तदाब, हृदय, साखर बघते. गर्भवती, हृदयरोगी, फार अशक्त असेल तर वमन नाही. मग रोज सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप, तीन ते सात दिवस. तूप पचून भूक लागली का, हे रोज विचारायचं. त्वचा मऊ झाली, मल स्निग्ध झाला की थांबायचं. त्यानंतर तेल आणि शेक.

वमनाच्या दिवशी रुग्ण पहाटे गुडघ्याइतक्या उंच आसनावर बसतो. आधी पोटभर दूध. मग मदनफळाचं चाटण, मधात कालवलेलं. थोड्या वेळाने कपाळावर घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. मग ज्येष्ठमधाचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेला) पेल्यामागून पेले. एकजण कपाळ धरतो, एकजण पाठ खालून वर चोळतो, मी समोर बसून वेग मोजते. चार हीन, सहा मध्यम, आठ उत्तम. आधी दूध पडतं, मग चिकट कफ, शेवटी पिवळं कडू पित्त आलं की थांबवायचं. दर थोड्या वेळाने नाडी. मी त्या खोलीतून एक मिनिटही बाहेर जात नाही.

आणि तुमच्या बाबतीत जे राहिलंच ते, संसर्जनक्रम. शुद्धीनंतर अग्नी काडीच्या विस्तवासारखा असतो. उत्तम शुद्धी झाली असेल तर सात दिवस: आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग फोडणीशिवाय मुगाचं कढण, मग तूप-मीठ-सुंठ घातलेलं, आणि शेवटी नेहमीचं. त्या विस्तवावर तुम्ही पंगतीचं जेवण घातलंत, कारण कुणी सांगितलंच नाही. चूक तुमची नव्हती. वजन अजून भरलं नसेल तर डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर तपासून घ्या आणि मला कळवा.

अजिंक्यतारा | गुरुवार, रात्री १०:४०

पाच किलो भरलंय. तपासण्या करून कळवतो. धन्यवाद वैद्यताई. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

स्टेथो | शुक्रवार, दुपारी २:२०

संशोधनाबद्दल थोडं, कारण ‘सगळं सिद्ध आहे’ आणि ‘काहीच सिद्ध नाही’ ही दोन्ही मतं मला रोज ऐकावी लागतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पुढे त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं हेही दिसलं. गुग्गुळाचं उलट. बनारसला संशोधक सत्यवती यांनी सुश्रुताच्या प्राचीन ग्रंथातलं मेदोरोगाचं, म्हणजे चरबी वाढण्याच्या आजाराचं, वर्णन वाचून त्यावर काम केलं, १९६६ चा त्यांचा प्रबंध. आपल्याकडे कोलेस्टेरॉलसाठी त्याचं औषध आलं. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, घटण्याऐवजी वाढलं. ग्रंथातला इशारा मोलाचा असतो, पण प्रत्येक द्रव्य स्वतंत्रपणे तपासावंच लागतं. वैद्यताईंनी वर सांगितलेल्या रुग्णांसारख्या नोंदी मोठ्या प्रमाणावर ठेवल्या जाव्यात असं मला फार वाटतं.

ओवी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:३०

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं. एंडोस्कोपी झाली, सौम्य सूज, बाकी काही नाही. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, त्यावर डॉक्टरांचं औषध सुरू आहे. मग इथल्या एका वैद्यांकडे गेले. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले, त्यातला एक होता, “तुम्ही शेवटचं पोटभर कधी रडलात?” मला तेरा वेग आठवले.

पाचही बाटल्या बंद. एक काढा आहे. सकाळचा उपाशीपोटी चहा गेला, त्या जागी साळीच्या लाह्यांचं पाणी. रात्रीचं जेवण साडेसातला, बहुतेक मुगाचं कढण-भात. ऑफिसात मीटिंगमधून उठून लघवीला जाते. जळजळ आठवड्यातून पाच रात्री असायची, गेल्या आठवड्यात दोन रात्री होती. डोकं एकदा उठलं, उलटी झाली नाही. आईकडून सहाण आणली आहे. सध्या तिच्यावर फक्त सुंठ उगाळते, काढ्यात घालायला.

वैद्य_कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:१०

छान चाललंय. सकाळी उठल्या उठल्या जीभ कशी असते ते लिहिलं नाहीत.

ओवी | रविवार, सकाळी ९:२५

आज बघितली होती. मागे थोडा थर आहे, पुढचा भाग गुलाबी. पहिल्या आठवड्यात सगळी पांढरी होती. वहीत तारखेसह लिहिते आहे.

वैद्य_कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:३०

मागचा थर जाईपर्यंत रात्री कढणच ठेवा, पोळी नको. पुढच्या रविवारी पुन्हा लिहा.